परत आलेली पुडी

बनाबाई उंबऱ्याच्या आत आलीच नाही. बाहेर उभी राहिली, पदराखालनं हात काढला आणि पुडी पुढं धरली.

"न्हाई आला गुण, आबा," ती म्हणाली. "एकवीस दिस दिली सुनंला. दुधातनंच दिली, तुमी सांगितली तशी. पर पोरगी उठून बसंना झालीया. कमरंत ताकदच न्हाई तिच्या."

आबांच्या मांडीवर कोकरू होतं. त्याच्या खुरात काटा मोडला होता, तो ते काढत होते. त्यांनी लगेच हात पुढं केला नाही. आधी काटा काढला, कोकरू खाली सोडलं, हात धोतराला पुसला आणि मग पुडी घेतली.

"किती उरलीया?"

"सात दिसाची असंल. राग मानू नगा. आमी टाकली न्हाई."

"टाकायची नसतीच," आबा म्हणाले. "बस की, च्या घे."

"न्हाई, बाळ एकलं हाय घरात," म्हणून ती निघाली. बाळ एकटं नव्हतं. बाळाची आई होतीच की घरात, झोपून का असेना. तिला तिथनं लवकर सुटायचं होतं एवढंच.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, आकाराम. आमची वाडी आटपाडीच्या अलीकडं आहे. चाळीस घरं, सगळी धनगरांची, दोन-चार सोडून. आबांच्या आज्यापासनं आमच्या घरात एकच औषध देतात. आसंधाची मुळी. शहरात तिला अश्वगंधा म्हणतात आणि डबीत घालून विकतात. आबा ती खणून आणायचे, सावलीत वाळवायचे, कुटून धोतराच्या फडक्यातनं गाळायचे आणि घोंगडीच्या कापडाच्या एका काळ्या पिशवीत भरून ठेवायचे. बाळंतीण उठत नसली, म्हाताऱ्याचे गुडघे आखडले, कुणी आजारातनं उठून पार वाळून गेलं, की त्याचा माणूस आमच्या दारात यायचा. आबा तीन बोटांच्या चिमटीनं मोजून पुडी बांधायचे. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. गुण आला तर माणसानं अमावस्येला वाडीतल्या बिरदेवाला भंडारा वाहायचा. नाही आला तर उरलेली पुडी आणून आबांच्या हातात द्यायची. टाकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही.

मी लहान असताना फक्त भंडाराच बघितलाय. अमावस्येला देवळाची पायरी पिवळी होऊन जायची, तिथनं चालताना माझे पाय पिवळे व्हायचे. परत आलेली पुडी मी बघितली नव्हती. आमच्या भिंतीत एक दिवळी आहे, तिच्यात तेव्हा चिमणी असायची. आता लाईट आली, चिमणी गेली आणि तिथं पुड्या आहेत. बनाबाईची धरून अकरा. सगळ्या दोन वर्षांतल्या.

आबांनी ती पुडी दिवळीत ठेवली. पाठ आमच्याकडं होती. म्हणाले, "मंगल, ह्या अमुशाला पिशवी देवाम्होरं ठिवतो."

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "काय घाई हाय का मामंजी? दमा की वाईच."

"कशासाठी दमू? माझ्या बानं सांगितलं हुतं. पुड्या माघारी याय लागल्या की समजायचं हात रिता झाला. मग बसायचं न्हाई धरून. लोकं आशेनं येत्यात. त्यास्नी रिकाम्या हातानं कसं द्यायचं?"

"आन् मग काय करणार तुमी?" मी विचारलं.

"कोकरं बघीन."

"अकरा माणसांनी पुडी आणून दिली म्हणून? आणि ज्यास्नी गुण आला ती? पाऊणशे असतील, शंभर असतील, ती कुठं गेली?"

"ती तवाची हाईत, अपे."

मला राग आला. मला राग आला की काही सुचत नाही, हातपाय आपोआप चालतात. समोर पाण्याची कळशी होती, तिला लाथ घातली. कळशी गडगडत अंगणात गेली, पाणी सगळं शेणाच्या ढिगात. आई ओरडणार म्हणून मी तयारच होते. पण आबाच उठले, वाकून कळशी उचलली आणि नळाला लावली. आमच्या दारात आता नळ आहे. त्यांनी सांडलेल्या पाण्याकडं बघितलं आणि फक्त म्हणाले, "त्येचा काय दोष?"

दहावीत असंच झालेलं. सरांनी सगळ्या वर्गासमोर आमच्या घरातल्या वासावरनं काहीतरी म्हटलं, मेंढरांच्या वासावरनं. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघून आले. परत गेले नाही. आता मी पलूसला मावशीकडं राहते आणि एका शेतकी कॉलेजच्या प्लॉटवर कामाला जाते. रविवारी तेवढी घरी येते.

बनाबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी फाट्यावर विट्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. तिथं लालासाहेब भेटले. मिलिटरीतनं रिटायर होऊन आलेत, मिशा अजून तशाच, अंगात जर्किन. बुलेट थांबवून त्यांनी खिशात हात घातला.

"आकारामची नात न्हवं गं तू? ही घे. आजोबाला दे." पुडी होती. "त्येला सांग, फौजी म्हणतुया, तुझी पुडी खाऊन गुडघा बोलाय लागलाय. च्यात साखर कमी हाय म्हणतुया."

स्वतःच हसले. गाडीची वाट बघणारी दोन माणसंही हसली.

"गुडघ्याला सांगा, बुलेटवरनं उतरून चाल म्हणावं," मी म्हटलं.

"तोंड लय चालतंय तुझं," ते म्हणाले, पण रागावले नाहीत. बुलेट वळवून निघून गेले. बारावी पुडी माझ्या हातात राहिली. ती मी घरी नेली नाही. ओढणीच्या टोकात बांधली आणि तशीच पलूसला गेले.

मी ज्या प्लॉटवर काम करते तिथं वरनं प्लॅस्टिकचं छप्पर आहे, कडेनं उघडं. पाऊस आला तरी आत थेंब पडू नये म्हणून. आत वाफे आहेत, आणि सगळ्यांत आसंधच. मला पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. आमच्याकडं उकिरड्यावर उगवतंय आणि इथं त्याला छप्पर. संयोगिता मॅडम कराडजवळच्या मलकापूरच्या. पीएचडी करतात. बारीक आवाज, चष्मा, उन्हानं नाक सोललेलं. ऑगस्टात त्यांनी बी टाकलं तेव्हापासनं मी आहे. हिरवी पट्टी लावलेल्या वाफ्यांना रोज मापानं पाणी द्यायचं. लाल पट्टीवाल्यांचं रोप धरलं की पाणी तोडायचं. फक्त जीव राहील एवढं, दहा-बारा दिवसांतनं एकदा, तेही मॅडम सांगतील तेव्हा.

लाल वाफ्यांची तऱ्हा मी रोज बघायची. दुपारी पानं खाली मान घालायची. काही दिवसांनी मान घालायचं पण सोडलं, पानंच बारकी काढायला लागली, जाड, वर पांढरी लव असलेली. खालची पानं स्वतःच टाकून द्यायची. हिरवे वाफे कमरेएवढे झाले, लाल गुडघ्याला टेकले नाहीत. मॅडम वहीत सगळं लिहायच्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, ही झाडं आमच्या वाडीसारखी दिसत्यात." त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

त्या सोमवारी काढणी सुरू झाली. मी खुरप्यानं हिरवा वाफा उकरला. मुळी अंगठ्याएवढी जाड, पांढरी, गुळगुळीत, भाजीच्या मुळ्यासारखी. मोडली तर आत पाणी. मग लाल वाफा. माती दगड झालेली. मुळी बारीक, वाकडी, उंदराच्या शेपटीएवढी, पण लांब. हातभर खाली गेलेली. जोर लावून ओढली आणि ती तुटली.

आणि वास आला.

घोड्याच्या अंगासारखा, घामट, कडू वास. नाकात शिरून बसणारा. मी तिथंच उकिडवी बसले, मुळी नाकाला लावून. हा वास मला ठाऊक होता. आबांच्या काळ्या पिशवीचा वास. लहानपणी मी त्या पिशवीत तोंड घालायची आणि शिंकत बाहेर यायची, आबा हसायचे. आणि मला एकदम आठवलं की गेल्या दोन-तीन वर्षांत मी त्या पिशवीजवळ शिंकलेच नाहीये.

हिरव्या वाफ्यातली मुळी परत उचलून हुंगली. पुसटसा वास, मातीखाली दडलेला. ओढणीतनं लालासाहेबांची पुडी सोडली, ती हुंगली. तसाच पुसट.

"काय करतेस गं?" मॅडम मागं उभ्या होत्या.

"मॅडम, ह्या वाळक्या झाडांचा वास एवढा का येतोय?"

त्या माझ्या शेजारी बसल्या. मुळी हातात घेतली. शिकवल्यासारखं नाही बोलल्या, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "पाणी मिळालं की झाड वाढतं, पसरतं. त्याला कसली काळजी नसते. पाणी तोडलं की ते वाढायचं सोडतं आणि स्वतःला वाचवायला लागतं. त्यासाठी आत काही द्रव्यं तयार करतं. कडू, वासाची. ती द्रव्यं म्हणजेच आपलं औषध. झाड आपल्यासाठी नाही करत ते, जीव जगवायला करतं."

"म्हणजे पाणी पाजलं की औषध कमी?"

"मुळी जास्त मिळते, पण एका चिमटीत औषध कमी असू शकतं. सगळ्याच झाडांचं असं होतं असं नाही. आणि फार तहान लागली तर झाडच मरतं. म्हणून तर मोजतोय ना आपण. या सगळ्या लाल मुळ्या लॅबमध्ये जाणार आहेत, मोजून घे. एकही इकडची तिकडं करू नकोस."

मी मोजल्या. लाल पट्टीच्या, तिसऱ्या ट्रेमध्ये, अठ्ठेचाळीस.

दोन दिवस माझ्या डोक्यात तेच. आमच्याकडं योजनेचं पाणी आलं त्याला आठ वर्षं झाली. आधी कालवा, मग पाट, मग दारात नळ. पाटाच्या कडंनं आसंध माजलं. आबांचे गुडघे थकले होते, माळावर चढवत नव्हतं, त्यांना वाटलं देवानं औषध दारात आणून दिलं. मला आठवतंय, पहिल्यांदा पाटाकडेची जाडजूड मुळी घेऊन आले तेव्हा केवढे खूश होते. आईला म्हणाले होते, "बघ मंगल, पाण्यानं मुळीनं बी बाळसं धरलंय." आणि चिमूट तीच ठेवली. आज्यापासनं चालत आलेली तीन बोटांची चिमूट. मुळी बदलली, चिमूट बदलली नाही. हाताला काही झालंच नव्हतं.

अमावस्या रविवारी होती. शनिवारी दुपारी ट्रे आत ठेवताना मी तिसऱ्या ट्रेमधल्या चार मुळ्या उचलल्या आणि कमरेला खोचल्या.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आबा दारात नव्हते, मागं मेंढरांच्या वाघरेजवळ, म्हणजे जाळीच्या कुंपणाजवळ बसले होते. जाळीची गाठ सुटली होती ती बांधत होते. काळी पिशवी शेजारी होती. धुऊन वाळत घातलेली. देवाला द्यायची म्हणून धुतली होती.

मी मुळ्या काढून त्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी बघितल्या. मग नाकाशी नेल्या. डोळे मिटले आणि तसेच राहिले. जाळीतनं एका मेंढीनं तोंड घालून त्यांच्या पागोट्याचं टोक ओढलं तरी हलले नाहीत.

"ही तवाची हाय," ते म्हणाले. "माझ्या बाच्या हातातली."

"न्हाई आबा. आत्ताची हाय. पलूसची." आणि मी सगळं सांगितलं. हिरवी पट्टी, लाल पट्टी, पानं कशी मान घालतात, मुळी कशी खाली जाते, मॅडम काय म्हणाल्या. भडाभडा बोलले. "तुमच्या हाताला काय झालं न्हाई. पाण्यानं झालंय. पाटाकडंची मुळी निसती फुगलीया. आधी कुठनं आणायचा तुमी?"

"खडकाच्या माळावरनं."

"मग चला की. मी चढते. मी खणते. तुमी फक्त दावा."

ते हसले थोडे. "खडकाचा माळ कुठं ऱ्हायलाय, अपे. तितं लालासाबाची द्राक्षं हाईत. यंत्र लावून सपाट केला, तळं केलं, नळ्या टाकल्या. समद्या माळाला पाणी हाय आता. लांब कुठंबी बघ, हिरवंच दिसतंय."

मी बघितलं. खरंच हिरवं होतं. ऊस, द्राक्षं, डाळिंब. बुलेटवर बसून पुडी परत करणारा माणूस आणि ज्या माळावरनं औषध यायचं तो माळ, दोन्ही एकाच नावावर.

"मग चिमूट वाढवा. दोन चिमटी द्या. तीन द्या."

"किती वाढवू? कुठली मुळी किती पाणी प्याली हे मला कसं कळणार? माप चुकलं तर माणसाच्या पोटात जातंय ते."

"मग लोकास्नी सांगा तरी. उद्या देवळात सांगा, की माझा हात रिता न्हाई, पाण्यामुळं झालंय."

आबांनी मुळ्या मांडीवर ठेवल्या. जाळीची गाठ अर्धी राहिली होती ती पुरी बांधली. मग बोलले.

"तू पाच-सा वर्साची असशील. टँकर आठ दिसानं यायचा. तुझा बा छावणीत जनावरं घिऊन. हितं घरात तुझी आय आन् तू. तुला ताप. तोंडाला लावाय पाणी न्हवतं, शेजारी मागितलं तर त्येंच्याकडं बी न्हवतं. मी बिरदेवाकडं गेलो. म्हणलो, वाडीला पाणी आन. त्येच्या बदल्यात माझ्याकडचं काय लागंल ते ने. तवा मेंढरं शंभरावर हुती. वाटलं, मेंढरं न्हील. न्हाई तर मला न्हील."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"पाणी आलं. मेंढरं ऱ्हायली. मी बी ऱ्हायलो. आठ वर्सं मी वाट बघतुया अपे, कवा न्हेतुय आन् काय न्हेतुय. येखादं कोकरू मेलं की वाटायचं, हेच का. तुझ्या बाची गाडी उलटली तवा तर माझा जीवच गेला हुता, पर तो उठून घरला आला." त्यांनी एक मुळी परत नाकाशी नेली. "आज कळलं काय न्हेलं ते. दोन वर्सांमागंच न्हेलंय. मला पत्ता न्हवता."

"तसं नसतंय आबा. झाडाचं असतंय ते. मॅडमनी मोजलंय."

"मॅडम खरंच सांगत्यात की. मी कुठं खोटं म्हणतुया?"

"मग?"

"मग काय? उद्या कुणाला काय सांगू नगं. म्हातारा पाण्याला नाव ठिवतुया म्हणतील. ज्या पाण्यासाठी बायांनी रातच्या राती हिरीवर काढल्या, त्येला मी नाव ठिऊ? हात रिता झाला म्हण. तेवढंच म्हण."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. कुणाला द्यायच्या ते कळेना. पाण्याला द्यावं तर आई समोर नळाखाली भांडी घासत होती, आणि गुणगुणत होती.

"ह्या कुणाच्या हाईत?" आबांनी मुळ्या उचलल्या.

"मॅडमच्या."

"इचारून आणल्यास?"

मी जाळीकडं बघत राहिले.

"चारच हाईत. चारीनं कुणाचा गुडघा बरा हुणार न्हाई. पर त्या पोरीचं काय तरी अडलं असंल ह्या चारीवर." त्यांनी आईला हाक मारून जुना पेपर मागितला. हातानं फाडला, सरळ रेघेत, कात्री लावल्यासारखा. मुळ्या मध्ये ठेवल्या आणि बांधायला लागले. आधी लांबीत दोन घड्या, मग एक कोपरा आत, मग दुसरा, शेवटचं टोक घडीच्या पोटात खोचलं. दोरा नाही, काही नाही, तरी सुटत नाही ती पुडी. मी शंभर वेळा बघितलंय आणि मला अजून जमत नाही.

"परत कर जा," ते म्हणाले. "परत करताना मान खाली घालायची न्हाई. बारा जणांनी मला आणून दिली, मी कुणावर रागावलो का?"

अकराच आहेत असं त्यांना वाटायला हवं होतं. लालासाहेबांची मी दिलीच नव्हती. मी ओढणीचं टोक चाचपलं. गाठ तिथंच होती.

"फाट्यावर हसली म्हणं माणसं," आबा म्हणाले. "दे ती पण."

मी दिली.

सकाळी देवळात वीस-पंचवीस माणसं होती. बिरदेवाच्या देवळाच्या मागनं पाट जातो, त्या दिवशी पाणी सोडलेलं होतं, सारखा खळखळ आवाज. आबांनी अंघोळ करून नवं धोतर नेसलं होतं. काळी पिशवी देवासमोर ठेवली. तिच्यात बारा पुड्या. वर भंडारा टाकला. मग वळून म्हणाले, "हात रिता झाला माझा. आजपासनं कुणी दाराला येऊ नगा. आलासा तर च्या मिळंल."

कुणी हसलं नाही. लालासाहेब मागं उभे होते, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. एक म्हातारा म्हणाला, "व्हतंय गड्या. वय झालं की व्हतंय." सगळ्यांनी माना हलवल्या. वयावर सगळ्यांचं एकमत झालं.

मी तोंड उघडलं. आबांनी बघितलं माझ्याकडं. नुसतं बघितलं. मी आयुष्यात कधी गिळून घेतलं नव्हतं काही. तेवढं एक घेतलं. पाटाचं पाणी मागं वाजत होतं आणि मला वाटलं ते जरा गप्प बसलं तर बरं.

जाताना आबा बनाबाईजवळ थांबले. "सुनंला उद्या विट्याला सरकारी दवाखान्यात ने. रगात तपासून घे. बाळंतपणात रगात लय गेलंय म्हणत हुतीस न्हवं? ते आधी बघा. माझ्या नादाला लागून तुझे एकवीस दिस गेले."

बनाबाईनं पदर डोळ्याला लावला. "आसं नगा म्हणू आबा. माझ्या येळंला तुमीच उठीवलं हुतं की मला."

"तवाचं तवा," आबा म्हणाले.

सोमवारी मी प्लॉटवर गेले तेव्हा मॅडम वजनकाट्यासमोर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. तिसऱ्या ट्रेच्या चिठ्ठीवर अठ्ठेचाळीस खोडून चव्वेचाळीस केलं होतं आणि पुढं काहीतरी लिहून परत खोडलं होतं.

मी मान खाली घातली नाही. पुडी टेबलावर ठेवली. "ह्या मी नेल्या होत्या. शनिवारी. सावलीत ठेवल्या, ओल्या केल्या न्हाईत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पुडीकडं. मला वाटलं आता काढून टाकतील. मी चप्पल पायात नीट सरकवूनच उभी होते. त्यांनी पुडी उलटसुलट केली, टोक शोधलं, सापडेना. नखानं खरवडायला लागल्या.

"फाडू नका," मी म्हटलं आणि सोडून दिली.

चारही मुळ्या त्यांनी काट्यावर ठेवल्या, एकेक करून, आणि आकडे लिहिले. चार ओळी. मग म्हणाल्या, "परत असं केलंस तर कामावर येऊ नकोस." आणि थोड्या वेळानं, "कुणी बांधली पुडी? वैद्य आहे का कुणी घरात?"

त्यांनी वही उघडी ठेवली होती, पेन हातात. मला माहीत आहे, मी हो म्हटलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी गाडी करून आमच्या वाडीला आल्या असत्या. आबांसमोर बसून सगळं विचारलं असतं, कुठला माळ, कुठला महिना, केवढी चिमूट. सगळं लिहून घेतलं असतं. पण आबांनी पिशवी देवापुढं ठेवून दिली होती.

"न्हाई," मी म्हटलं. "आजोबा आहेत. मेंढरं राखतात."

हिरव्या वाफ्यांतले दोन अजून काढायचे राहिले होते. मी झारी भरली आणि मापानं पाणी दिलं. जेवणाच्या सुट्टीत छपराच्या खांबाला टेकून बसले आणि तो पेपरचा तुकडा काढला. घड्यांच्या रेघा उमटलेल्या होत्या. त्याच रेघांवरनं घालायला गेले, लांबीत दोन, मग कोपरा आत, मग दुसरा. शेवटचं टोक खोचलं की उसळून बाहेर येत होतं. चार वेळा केलं. पाचव्या वेळी राहिलं.

रिकामी पुडी हातात घेऊन मी नाकाशी नेली, आणि शिंकले.